ऑपरेशन झालं म्हणजे उपचार झाला नाही

डीबीएसबद्दल, म्हणजे मेंदूत बारीक तारा घालून वीजप्रवाह देण्याच्या उपचाराबद्दल, आपल्याकडे दोन मतं ठासून मांडली जातात. पहिलं हॉस्पिटलांच्या जाहिरातींत, विमा कंपन्यांच्या पत्रांत आणि काही डॉक्टरांच्या तोंडीही असतं: ऑपरेशन हाच उपचार, ते निर्विघ्न पार पडलं की झालं, पुढे ‘मशीन सेट करणं’ हे किरकोळ काम. दुसरं मत रुग्णांच्या घरांतून ऐकू येतं: अमक्यांनी दागिने मोडून डीबीएस केलं, वर्षभरात पुन्हा खुर्चीला खिळले, सगळा पैसा पाण्यात. एक मत डीबीएसच्या समर्थकांचं, दुसरं विरोधकांचं. पण जे काय बरंवाईट व्हायचं ते ऑपरेशनच्या टेबलावर होऊन जातं, हा समज दोघांचाही आहे. तो खोटा आहे, आणि त्याची किंमत पार्किन्सन्सचे रुग्ण आपल्या चालण्याबोलण्यातून मोजतात.

डीबीएस मुळात आलं कशासाठी? १९८० च्या दशकापर्यंत कंप थांबवण्यासाठी सर्जन मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला एक ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे तिथे वीजप्रवाह देऊन तपासत. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदनं दिली की कंप थांबतो आणि प्रवाह बंद केला की परत येतो, हे फ्रान्समधल्या ग्रेनोब्लमध्ये अलीम-लुई बेनाबिद आणि पिएर पोलाक यांनी हेरलं. मग जाळायचंच कशाला, तारच आत ठेवू, या विचारातून १९८७ मध्ये आजच्या डीबीएसची सुरुवात झाली. १९९० मध्ये महलॉन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या संशोधनातून सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या केंद्राचं महत्त्व दाखवून दिलं, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये तार घालण्याची ती एक प्रमुख जागा झाली. जाळलेला ठिपका परत आणता येत नाही, त्याचा परिणाम कमीजास्त करता येत नाही. तारेतला प्रवाह मात्र वाढवता येतो, घटवता येतो, सरकवता येतो, बंदही करता येतो. जुन्या ऑपरेशनपेक्षा डीबीएस सरस ठरलं ते प्रामुख्याने यामुळे. जे हॉस्पिटल तार घालून प्रोग्रामिंगकडे पाठ फिरवतं, ते रुग्णाकडून डीबीएसचे पैसे घेतं आणि ज्या गुणासाठी डीबीएस शोधलं गेलं तोच गुण काढून घेतं.

‘सेट करणं’ हे किरकोळ काम आहे असं म्हणणाऱ्यांनी ते काम एकदा बसून पाहावं. नेहमीच्या तारेची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिच्या टोकाशी दीड-दीड मिलिमीटर उंचीचे चार धातूचे टप्पे असतात. नव्या तारांमध्ये मधल्या दोन टप्प्यांचे तीन-तीन तुकडे केलेले असतात, म्हणजे प्रवाह एका बाजूला वळवता येतो. कोणत्या टप्प्यातून प्रवाह सोडायचा, किती सोडायचा, प्रत्येक स्पंदन किती मायक्रोसेकंद टिकवायचं, सेकंदाला किती स्पंदनं द्यायची, हे सगळं ठरवावं लागतं. साठ मायक्रोसेकंद आणि सेकंदाला एकशेतीस ही सुरुवातीची नेहमीची जोडी; तिथून पुढे प्रत्येक मेंदूचा मार्ग वेगळा. दोन्ही बाजूंच्या तारा धरल्या तर शक्यता हजारांच्या घरात जातात.

त्यात ज्या केंद्रात तार बसवली आहे ते जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर लांबीचं, आणि त्याच्या चहूबाजूंनी दुसऱ्या कामांच्या वाहिन्या खेटून गेलेल्या. प्रवाह एका बाजूला सांडला की चेहरा ओढला जातो, जीभ जड होते, हात आकसतो. दुसऱ्या बाजूला सांडला की मुंग्या येतात. आणखी एका बाजूला गेला की डोळा आत वळतो आणि एकाचे दोन दिसायला लागतात. म्हणून नीट केलेल्या पहिल्या प्रोग्रामिंगसाठी रुग्णाला आदल्या रात्रीपासून गोळ्या न देता बोलावतात. डॉक्टर मनगट हातात धरून हळूहळू फिरवत राहतात, एकेका टप्प्यातून प्रवाह थोडाथोडा वाढवतात, ताठरपणा कुठे सुटला ते बोटांनी जोखतात आणि त्रास कुठे सुरू झाला ते लिहून ठेवतात. मग बोटं आपटून दाखवायची, बोलून दाखवायचं, उठून चालून दाखवायचं. हे दोन्ही बाजूंना करायचं. यात सकाळ जाते, आणि जायलाच हवी.

बरं, एका सकाळीत हे संपतही नाही. ताठरपणा प्रवाहाला काही सेकंदांत उत्तर देतो, कंप सेकंदांत किंवा मिनिटांत. हालचालींचा मंदपणा जायला तास लागू शकतात. डिस्टोनियामध्ये, म्हणजे ज्या आजारात मान किंवा हातपाय पिळवटतात त्यात, पूर्ण परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. भरीला ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस फसवे असतात: तार घालताना झालेल्या सुजेमुळेच लक्षणं काही काळ कमी होतात, मशीन बंद असतानाही. घरचे आनंदाने पेढे वाटतात, सूज उतरते, कंप परत येतो, आणि ‘ऑपरेशन उतरलं’ अशी हाय खाल्ली जाते. खरं तर उपचार तेव्हा सुरू होत असतो. पहिलं प्रोग्रामिंग साधारण दोन ते चार आठवड्यांनी करतात आणि नीट घडी बसायला तीन ते सहा महिने लागतात. हे कोणी आधी सांगितलं असेल तर घर धीर धरतं.

त्याच महिन्यांत गोळ्याही बदलत असतात. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार असेल तर लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या, गोळ्या बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी करता येतात. प्रवाह वाढवला आणि गोळ्या तशाच ठेवल्या तर अंग नको तसं वेडंवाकडं हलायला लागतं. गोळ्या घाईने उतरवल्या तर माणूस निरिच्छ होतो, कशातच रस घेत नाही, अंथरुणावरून उठायला बघत नाही. प्रवाह आणि औषध ही एकाच वेळी हाताळायची दोन सूत्रं आहेत. ती एकाच जबाबदार डॉक्टरच्या हातात नसतील तर दोन्हींपैकी एक नक्की सुटतं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, डीबीएस आहे, म्हणून मी हे नुसतं वाचून लिहीत नाही. ऑपरेशननंतर त्यांचा हात थांबला, पण आवाज घोगरा आणि चिकट झाला. फोनवर नातवंडांना त्यांचं बोलणं कळेना. जिथे ऑपरेशन झालं तिथे आम्ही पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं की हे पार्किन्सन्समुळे होतंच, वय झालंय, स्वीकारा. शेवटी दुसऱ्या गावातल्या एका न्यूरॉलॉजिस्टबाईंनी त्यांना समोर बसवून एकेक टप्पा तपासला. एका बाजूचा प्रवाह एका टप्प्याने वर सरकवला आणि थोडा कमी केला. अण्णांची वाक्यं त्याच दुपारी सुटी झाली. हात थोडा जास्त थरथरला, तो पुढच्या खेपेला गोळ्यांच्या वेळा बदलून सावरला. पार्किन्सन्समध्ये बोलणं बिघडतं हे खरंच आहे, म्हणून तर तसं उत्तर देणं इतकं सोपं जातं. पण आजारामुळे बिघडलेलं आणि प्रवाहामुळे बिघडलेलं वेगळं करण्याचा उपाय साधा आहे: प्रवाह कमी करून बघायचा. तो न करताच ‘स्वीकारा’ म्हणणं हा रुग्णावरचा अन्याय आहे.

‘कंपनीचा माणूस येऊन करून जातो,’ हे आणखी एक उत्तर. उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांचे हे प्रतिनिधी बहुधा हुशार आणि कष्टाळू असतात. त्यांना टॅबलेटवरचा प्रत्येक पडदा पाठ असतो. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यावर सगळं सोपवून शेजारच्या खोलीत दुसरे पेशंट तपासणाऱ्या व्यवस्थेविषयी. प्रवाह वाढवल्यावर रुग्ण अचानक खूप बोलायला लागला, विनाकारण हसायला लागला, तर ती नोंद कोणी घ्यायची? गोळी कमी करायचा निर्णय कोणी घ्यायचा? ती जबाबदारी डॉक्टरची आहे आणि कंपनीच्या पगारी माणसावर ती ढकलता येत नाही. तीच गोष्ट रुग्णाच्या हाती दिलेल्या रिमोटची. डॉक्टरने आखलेल्या मर्यादेत प्रवाह थोडा वरखाली करायला तो उपयोगी आहे. मर्यादा आखणारा मात्र कोणीतरी लागतोच.

आता दुसऱ्या बाजूकडे, ‘डीबीएस फसलं’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी अशाच ‘फसलेल्या’ ४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४६ टक्के रुग्णांमध्ये तार योग्य जागी नव्हती, ३७ टक्क्यांमध्ये प्रोग्रामिंग अपुरं होतं, काहींना ऑपरेशनसाठी निवडायलाच नको होतं. एकेका रुग्णाच्या बाबतीत यातली एकाहून अधिक कारणंही होती. दुरुस्त्या केल्यावर यातले निम्मे रुग्ण चांगले सुधारले. पुढच्याच वर्षी टोरंटोच्या डॉक्टरांनी ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेल्या, ‘आता आहे ते असंच राहणार’ अशा अवस्थेतल्या ४४ रुग्णांचं प्रोग्रामिंग नव्याने केलं. चोवीस जण आणखी सुधारले. नवं ऑपरेशन नाही, नवं यंत्र नाही. जाणत्या न्यूरॉलॉजिस्टने वेळ दिला, एवढंच.

म्हणून ज्या घरात ‘पैसा पाण्यात गेला’ असं बोललं जातं त्या घराला माझी विनंती आहे: निष्कर्ष काढण्याआधी तार कुठे बसली आहे ते स्कॅनवर तपासून घ्या, आणि हालचालींच्या विकारांच्या तज्ज्ञाकडून एकदा सुरुवातीपासून प्रोग्रामिंग करून घ्या. तार चुकीच्या जागी असेल तर कितीही बटणं दाबून उपयोग नाही, हेही तेवढंच खरं. पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण वेगळा, झपाट्याने वाढणारा आजार असेल तर डीबीएस मदत करत नाही. लेव्होडोपाच्या गोळीनेही जो तोल सुधारत नाही तो डीबीएसने सुधारेल अशी आशा लावू नये. मूळ आजार आतून वाढतच असतो. पण नेमक्या याच कारणासाठी जुळवणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते: मेंदू बदलतो, औषधं बदलतात, दोन वर्षांपूर्वी योग्य असलेला प्रवाह आज अयोग्य ठरतो.

सर्वांत कमी बोललं जातं ते मनाविषयी. २००८ मध्ये पाच हजारांहून अधिक डीबीएस रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात ०.४५ टक्के रुग्णांनी आत्महत्या केल्याचं आढळलं, आणि पहिलं वर्ष सर्वांत धोक्याचं होतं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असा वाढलेला धोका दिसला नाही, आणि आकडा छोटा आहे. पण ते पहिलं वर्ष म्हणजे प्रवाह आणि औषध दोन्ही हलत असतात तेच वर्ष. त्या काळात उदासी, चिडचिड, अचानक उधळपट्टी, झोप उडणं, असं काहीही दिसलं तर ते घरच्यांनी सांगायचं आणि डॉक्टरने मुद्दाम विचारायचं. तीन मिनिटांच्या ओपीडीत हात थरथरतो का एवढंच बघितलं जातं. बायकोला बाजूला घेऊन ‘घरी कसे वागतात?’ असं विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ हाही उपचारच आहे.

या वेळेचे पैसे कोण देणार, इथे खरी गाठ आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत डीबीएसचा समावेश ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत केला. त्यामुळे विमा कंपन्यांना ते सरसकट नाकारता येत नाही. चांगली गोष्ट झाली. पण २०२० मध्ये आलेली आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी बघा. आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच मर्यादा. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असेल तर अडीच लाख, जेव्हा नुसत्या उपकरणाची किंमत अनेक लाखांत असते. आणि घरी सोडल्यानंतरचा खर्च मिळतो फक्त साठ दिवस. पहिलं प्रोग्रामिंगच दोन ते चार आठवड्यांनी होतं. घडी बसायला तीन ते सहा महिने. साठाव्या दिवशी बहुतेक रुग्ण अर्ध्या वाटेवर असतात आणि तिथून पुढचा प्रत्येक फेरा, प्रत्येक तपासणी त्यांच्या खिशातून. विम्याची रचना अॅपेंडिक्ससारख्या आजारासाठी झाली आहे: काढलं, टाके सुकले, संपलं. ज्या उपचाराचं अर्ध्याहून अधिक काम घरी गेल्यावर होतं त्याला ते माप लावणं म्हणजे उपचार मान्य करून तो अर्धवट सोडायला भाग पाडणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे. ज्याला कायदा दिव्यांगत्व म्हणतो त्याच्या उपचाराला साठ दिवसांची मुदत कोणत्या न्यायाने लावायची?

विमा कंपन्या म्हणतील की आजन्म ओपीडीचा खर्च परवडणार नाही. आजन्म नको. किमान पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंग ऑपरेशनचाच भाग धरा. लाखोंचं उपकरण बसवून ते न जुळवता सोडणं हे तुमच्याही पैशाचं नुकसान आहे.

अंतराचा प्रश्न उरतो. हे काम करणारी केंद्रं मोजक्या मोठ्या शहरांत आहेत. हिंगोलीच्या किंवा सावंतवाडीच्या रुग्णाला गोळ्या न घेता, ताठरलेल्या अंगाने रात्रभर प्रवास करून पोहोचायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आता काही उपकरणांत दूरवरून, इंटरनेटवरून प्रोग्रामिंग करण्याची सोय आली आहे. ती जरूर वापरावी; बोलणं, बोटांची हालचाल, चालणं पडद्यावर दिसतं. पण मनगटाचा ताठरपणा पडद्यातून हाताला लागत नाही. म्हणून पहिली जुळवणी समोरासमोर आणि पुढचे छोटे बदल दुरून, असं व्हायला हवं, आणि दुसऱ्या टोकाला रुग्णाजवळ कोणीतरी प्रशिक्षित माणूस हवा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यूरॉलॉजिस्टना हे शिकवणं अवघड नाही, ते कोणी हाती घेतलेलं नाही. २०२५ मध्ये मेंदूच्या लहरी वाचून स्वतःच प्रवाह कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली, तर ‘आता प्रोग्रामिंगची गरजच संपणार’ असं बोललं जाऊ लागलं. ती यंत्रणाही डॉक्टरने आखलेल्या दोन मर्यादांच्या आतच चालते. मर्यादा चुकल्या तर ती चुकीच्या पट्टीतच मागेपुढे होत राहील.

आणि गावातल्या फिजिओथेरपिस्टला कोण सांगणार? गुडघा दुखतो म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. डीबीएस असलेल्या माणसाला हा शेक कधीही, मशीन बंद करूनसुद्धा, द्यायचा नसतो. तारेचं टोक मेंदूत तापू शकतं. असा शेक दिल्यावर दोन रुग्ण कोमात जाऊन दगावल्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्येच जाहीर इशारा दिला होता. एमआरआय कोणत्या अटींवर चालतो हे उपकरणागणिक वेगळं. दुसरं कोणतंही ऑपरेशन करताना रक्तस्राव थांबवायचं विजेचं उपकरण कसं वापरायचं हे सर्जनला आधी सांगावं लागतं. पट्टीचे पोहणारेसुद्धा डीबीएसनंतर पोहणं विसरल्याची उदाहरणं आहेत; झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा नऊ जणांची नोंद प्रसिद्ध केली. विहिरीत, नदीत पोहत वाढलेल्या आपल्या माणसांना हे सांगायलाच हवं. चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते. ती अचानक संपली तर लक्षणं एकदम, कधीकधी जीवघेण्या तीव्रतेने उसळतात. अंग लाकडासारखं होतं, गिळता येत नाही, आणि पूर्वीच्या गोळ्या वाढवूनही भागत नाही. बॅटरी बदलायची तारीख आधीच ठरवणं हा पाठपुराव्याचाच भाग आहे. ती संपल्यावर पैशांची जुळवाजुळव करत बसायला रुग्णाकडे वेळ नसतो.

हे सगळं रुग्णाच्या घराला ऑपरेशनआधी, मराठीत, लेखी मिळालं पाहिजे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट वर्षानुवर्षं नेटाने काम करत आहेत. कोणत्या केंद्रात ऑपरेशननंतर वर्षभर प्रोग्रामिंग खरोखर मिळतं याची माहिती सभासदांच्या अनुभवांतून गोळा करणं त्यांच्याच हाती आहे, आणि ते त्यांनी करावं. डॉक्टरांना माझं सांगणं आहे की किती ऑपरेशनं केली हा आकडा जाहिरातीत देता, तसा वर्षभरानंतर किती रुग्ण तुमच्याकडे जुळवणीसाठी येत आहेत हाही द्या.

आणि ज्या घरात आज डीबीएसचा विचार चालू आहे त्यांना: प्रोग्रामिंग कोणते डॉक्टर करणार, पहिल्या वर्षी किती वेळा, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरले आहेत की वेगळे, रात्री-अपरात्री मशीन बंद पडलं तर कोणाला फोन करायचा, आणि घरी सोडताना उपकरणाचं मॉडेल, तारेची जागा, चालू सेटिंग, एमआरआयच्या अटी लिहिलेला कागद देणार की नाही, हे सगळं विचारा. उत्तरं लेखी मागा. ती मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.